आधी पाणी, मग बोलणं

"आगे जल, तारपर कथा." आधी पाणी, मग बोलणं. एवढं म्हणून मासी पितळी लोटा दोन्ही हातांनी रुग्णाच्या पुढ्यात ठेवायची आणि वाकून 'जोहार' करायची.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास, नवऱ्याच्या बदलीमुळे कलकत्त्यात आलेली मी तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात खिडकीवर बसून रुग्णांना तिकिटं देत असे. मासी तिथली आया, पुरुलियाकडची संथाळ. माझ्या बंगालीला ती मनसोक्त हसायची.

तुम्हीही अशा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कधीतरी बसला असाल. ज्याचा खिसा गरम, ज्याची ओळख, तो पुढे. मासीच्या मुलखातली माणसं मजुरी बुडवून, बकरी विकून हावड्याला उतरत, भिंतीला टेकून बसत आणि तपासून न घेताच परत जात. आम्ही म्हणायचो, बुजरी आहेत.

"बुजरी कसली?" मासी म्हणाली. "पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग कामाचं विचारावं. तुम्ही दिलंत पाणी?" दुसऱ्या दिवशी ती घरून लोटा घेऊन आली, आणि माणसं बोलू लागली.

नव्या मोठ्या साहेबांना हे खपलं नाही. "हे हॉस्पिटल आहे, तुझं घर नाही." लोटा कपाटात गेला. मासीची नोकरी हंगामी; साहेबांच्या एका शब्दावर गेली असती.

त्याच आठवड्यात एक बाप धापा टाकणाऱ्या मुलीला घेऊन आला. आमचे बाबू त्याच्यावर असे खेकसले, की हाकलताहेत असं समजून तो पोरीला उचलून फाटकाकडे चालू लागला. मासीने कपाट उघडलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत तिने लोटा भरून फाटकात त्याच्या पुढ्यात ठेवला, जोहार केला. तो थांबला, दोन घोट प्याला आणि तिच्यामागून आत आला.

"मी नको म्हटलं होतं ना?" साहेब म्हणाले.

"घर माझं नाही ना, साहेब? मग तुमचं. तुम्ही द्या पाणी."

साहेबांनी लोट्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. पोरीला खाट मिळाली, ती वाचली. लोटा पुन्हा कपाटात गेला नाही. आजही हे सांगताना माझी मान ताठ होते, जसं काही मीच केलं होतं.

पुढे मासीचे गुडघे गेले, तशी नोकरीही गेली. पेन्शन कुठलं? त्या गुडघ्यांवर इलाज करून घ्यायलाही ती कधी रांगेत बसली नाही. रजा घेतली की पगार कापत.

ती गावी परत निघाली, तेव्हा हावडा स्टेशनवर मी तिला पोचवायला गेले. फलाटावर ती बोचक्यावर बसली होती. मी नळावरून तांब्या भरून आणला, तिच्या पुढ्यात ठेवला आणि वाकून जोहार केला.

ती पोट धरधरून हसली. "दिदी, हे आलेल्याला द्यायचं. जाणाऱ्याला नाही."

तरी तिने दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायली. मग गाडीत चढून खिडकीशी बसली.

"हं दिदी, आता बोल."

तेवढ्यात गाडी हलली.