चिमणीची रेघ

माझी मावशी बॅलेचे फोटो काढायची. नाच शिकवायची माझी आई. मावशी हॉलच्या कोपऱ्यात फतकल मारून बसायची, डोळ्याला कॅमेरा. "चेहरे काय, सगळेच काढतात," म्हणायची. "चेहऱ्याला हसायला शिकवता येतं गं. पायाला नाही."

सकाळी उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत येई, तेवढ्यातच तिचं काम. मुलगी गिरकी घेऊ लागली की ती शटर जरा वेळ उघडं ठेवायची. मग फोटोत मुलगी धूसर व्हायची आणि तिच्या बुटाने हवेत ओढलेली उजेडाची रेघ तेवढी उरायची. प्रत्येकीची रेघ वेगळी. सगळ्यांत स्वच्छ चिमणीची. चिमणी म्हणजे आईची लाडकी शिष्या. अंगाने एवढीशी, म्हणून ते नाव. त्या वर्षीच्या कार्यक्रमात मुख्य नाच तिचा होता.

तालमी रंगात आल्या आणि एका फोटोत तिची रेघ थरथरलेली निघाली. मावशीने तिला अंधारखोलीत बोलावून ती दाखवली. मी तिथेच ओले फोटो चिमट्यांना टांगत होते.

"घोटा दुखतोय ना?"

"एवढा कार्यक्रम होऊ दे, मावशी. मग डॉक्टरकडे जाते. बाईंना कळलं तर संपलंच माझं."

"मी नाही सांगायची. पण तू सांग तिला, लवकर."

"नक्की नाही ना सांगणार?"

"वेडी की काय! ही माझी खोली आहे. इथलं इथेच राहतं."

खरंच राहायचं. आईसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. मावशीने फोटो कागदांच्या खोक्यात तळाशी सारला.

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी हॉलमध्ये शिरलो, तर तोच फोटो आरशावर चिकटवलेला. समोर सगळ्या मुली.

"ही रेघ कुणाची, ओळखा," आई म्हणाली. सगळ्यांच्या माना चिमणीकडे वळल्या. "मुख्य नाच आता दुसरी कुणीतरी करेल."

चिमणीने आईकडे पाहिलंच नाही. बुटांच्या फिती सोडता सोडता ती मावशीला एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्या आहात."

मुली गेल्यावर मावशीने फोटो आरशावरून सोलून काढला.

"ताई, माझ्या खोक्यात हात घातलास?"

"घातला. ती पाय चोरतेय हे मला दिसत होतं, ती कबूल करत नव्हती. उद्या पोरीचा पाय कायमचा गेला असता म्हणजे?"

"मला विचारायचंस."

"तू दिला असतास?"

मावशी फोटोमागची चिकटपट्टी नखाने खरवडू लागली.

"झालं तर मग."

"निदान तिला सांग, मी दिला नाही म्हणून."

"कुणी दिला, त्याने काय फरक पडतो?" आई म्हणाली आणि खिडक्या लावायला गेली.

कार्यक्रमाचे फोटो मावशीनेच काढले. आईने ते घरी टेबलावर पसरले. एकूण एक लख्ख. उड्या हवेत अडकलेल्या, फितीची गाठ न् गाठ दिसतेय, मानेवरचा घाम दिसतोय. रेघ एकही नाही.

"अगं, यात नाच कुठेय?"

"तुला दाखवायला एवढंच आहे आता माझ्याकडे."

"परक्यासारखं काय बोलतेस? बहीण आहे मी तुझी."

"म्हणून तर खोलीला कुलूप नव्हतं," मावशी म्हणाली आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.