बशीएवढी वस्ती

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. नव्या राज्याची सीमा मी चहाच्या बशीला वळसा घालून काढली.

त्याचं असं झालं. कवठे महांकाळच्या पूर्वेला आमचा मुलूख. पाण्यासाठी अर्ज करून करून कागद संपले, तेव्हा आम्ही अकरा जणांनी ठरवलं, आता पाणी मागायचं नाही, वेगळं राज्यच मागायचं. समिती निघाली. अध्यक्ष आप्पासो, कारण त्यांची बेदाण्याची शेड मोठी आणि सभेला सावली लागते. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, म्हणून नकाशा माझ्या गळ्यात. शेडच्या फरशीवर पुठ्ठा अंथरून, तांबड्या ऑइलपेंटचा डबा उघडून मी ओणवा झालो होतो. तेवढ्यात बिरदेव हुले शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आला आणि 'गार हुईल मास्तर' म्हणत त्यानं कपबशी नकाशाच्या उगवतीच्या कोपऱ्यावर ठेवली. कप मी उचलला. बशी उचलायला काही हात रिकामा झाला नाही. कुंचला तिच्या कडेनं अलगद फिरवला. रेघ अशी सुबक आली की आप्पासो म्हणाले, तिथं डोंगर असणार.

डोंगर नव्हता. तिथं हुलेवस्ती होती. बिरदेवाची.

बिरदेव वगळला तर आमच्या चळवळीत बघण्यासारखं काही उरत नव्हतं. सहा फूट उंची, कानात बाळी, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. मोर्च्यात तो पुढं असला की पेपरवाले फोटो काढत, मागं असला की नुसतेच चहा पिऊन जात. साखळी उपोषणात त्याचा वार बुधवार. पण कुणाच्या घरी लग्न निघे, कुणाला पित्त होई, कुणाचा औषध फवारणीचा दिवस असे. सगळ्यांच्या जागी बिरदेव बसे. त्या उन्हाळ्यात तो इतका उपाशी राहिला की त्याची बायको बनाबाई शेडवर आली आणि आप्पासोंना म्हणाली, राज्य आलं की आधी माझ्या मालकाला जेवायला घाला.

गंमत अशी, की सगळं पाणी पिऊन बसलेल्या पश्चिमेच्या ज्या ऊसवाल्यांवर आम्ही भाषणातून तुटून पडायचो, त्यांच्याच रानात बिरदेवाचा जन्म झालेला. दिवाळी झाली की वस्ती चाऱ्यापाण्यासाठी मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची ती थेट इस्लामपूरच्या बाजूला. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. बिरदेव तिथं जन्मला, त्याचा मुलगाही तिथंच. तिकडच्या लोकांना तो कधी वाकडं बोलला नाही. एकदा आप्पासोंनी त्याला माइकपुढं उभा केला. तो म्हणाला, "पाणी द्या. न्हाईतर आमी येगळं निघतो." आणि खाली बसला. अख्ख्या चळवळीत तेवढंच भाषण मला पाठ आहे.

त्याची मागणीही एकच होती. नात सोनिया चौथीत. दर दिवाळीला दप्तर आढ्याला टांगून ती घोड्यावर बसायची, परत यायची तोवर वर्ग पुढं गेलेला. बिरदेवानं मला एकदाच बाजूला घेऊन विचारलं होतं, "येगळं झालं की पोरगी वरीसभर शाळंत बसंल न्हवं?"

मी म्हटलं, "बसंल म्हणजे? बसलीच समज."

निवेदनाला नकाशा जोडला. पहिला अंगठा बिरदेवाचा, असा आप्पासोंचा हट्ट. अंगठा टेकण्याआधी त्यानं विचारलं, आमची वस्ती कुठाय? माझे हात रंगानं भरलेले. मी कोपरानं उगवतीकडं दाखवलं आणि म्हटलं, "ही काय, हितं." त्यानं मान डोलावली आणि अंगठा टेकला.

राज्य मिळालं नाही. ते मिळणार नव्हतंच, हे बिरदेव सोडून आम्हा दहा जणांना ठाऊक होतं. पण सरकार जरा दचकलं आणि म्हणालं, राज्य राहू द्या, सोबतच्या नकाशातल्या गावांना पाणी देतो. फटाके उडाले. आप्पासोंच्या गळ्यात इतके हार पडले की ते बोलायचेच बंद झाले. पंधरा दिवसांत समिती विसर्जित.

मग मोजणीवाले आले. पाइपलाइनसाठी खुणेचे दगड लावत लावत पार हुलेवस्तीच्या शिवेपर्यंत गेले आणि तिथून गोल वळले. तो वळसा मी लगेच ओळखला. माझाच हात होता तो.

अर्ज घेऊन सांगलीला एका कचेरीत गेलो. कारकून भला होता. त्यानं फाइल काढली, नकाशा बघितला, वळशाचं कौतुकही केलं. म्हणाला, चूक असेल तर समितीनं लेखी कळवावं. मी म्हटलं, समिती उरलीच नाही. मग त्यानं खाली बोट ठेवून विचारलं, हा पहिला अंगठा कुणाचा? मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "ज्यांची वस्ती सुटली त्यांनीच मान्य केलंय, गुरुजी. आता आम्ही तरी काय करणार?"

आप्पासोंकडे गेलो. ते ठिबकच्या नळ्या बघत होते. म्हणाले, "मास्तर, आलेलं पाणी ढवळू नका." पुढचे चार महिने मी तीन कचेऱ्यांच्या बाकांवर बसून काढले. बिरदेवाला सगळं खरं सांगितलं, बशीसकट. तो म्हणाला, बशी मीच ठिवली हुती की.

यापेक्षा त्यानं मला काठी घातली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली. तरी मी हट्टानं नवा नकाशा काढला. या खेपेला पुठ्ठ्यावर काही ठेवू दिलं नाही. हुलेवस्ती चांगली ठळक, निळ्या रंगात. तो गुंडाळून वस्तीवर गेलो तर मेंढरं हललेली. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कोंबडीशेजारी सोनिया. बनाबाई दाराला दोरी बांधत होती. मी धापा टाकत बिरदेवाला गाठलं आणि वाटेतच नकाशा उलगडला. त्यानं तो नीट बघितला, निळ्या ठिपक्यावर बोटही फिरवलं. रंग अजून ओला होता. बोट पटक्याला पुसून तो चालू लागला.

मी मागून चालत राहिलो. म्हटलं, हा नकाशा घेऊन मी थेट मुंबईला जातो. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. शेवटी माझ्या हातात होतं तेवढं एकच बोललो, "बिरदेवा, शाळेतल्या बाईंना सांगून सोनियाचं नाव हजेरीत तसंच ठेवायला लावतो."

बिरदेवानं घोड्याचा कासरा ओढला.

"नाव राहू द्या मास्तर, पोरगी मी न्हेतो."