मावशींना सिनेमा आवडला नाही

शिरूर कासारच्या आमच्या वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं राहतात. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी भाकरी थापता थापता पाठमोऱ्याच बोलायच्या. मी गोष्ट वाचू लागले की मात्र पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहायच्या.

आई हरवलेल्या खारीच्या पिल्लाचं पुस्तक त्यांनी असंच ऐकलं. त्यात आई परत येत नाही. एका दुपारी त्यावरचा कार्टून सिनेमा दाखवला, त्यात ती शेवटी येते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकापेक्षा हाच चांगला, असं आम्ही शिक्षकही म्हणालो.

नंतर स्वयंपाकघरात मी मावशींना विचारलं, "कसा वाटला?"

"लई वंगाळ. पुस्तक खरं बोलत हुतं."

तेवढ्यात एक सात वर्षांची मुलगी येऊन त्यांना बिलगली. "मावशी, माझी बी आई येईल ना?"

तिची आई उसाच्या फडात साप चावून गेली होती. वडिलांच्या सांगण्यावरून आम्ही आठ दिवस तिला 'आई दवाखान्यात आहे' एवढंच सांगत होतो.

मावशींनी हात धुतले, खाली बसून तिला मांडीवर घेतलं.

"न्हाई बाय. ती मेली. आता यायची न्हाई."

मुलगी किंचाळली. मी तिला घ्यायला धावले, तर मावशींनी मला हातानंच थांबवलं.

"रडू द्या तिला, बाई. आठ दिवसांचं ऱ्हायलंय."