एक कोयता

ऊसतोडीचा हंगाम संपला की आमच्या पाथर्डीकडची काही जोडपी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. शिर्डीच्या हॉटेलांत काम मिळेल, ही आशा. आपण काय काम करतो ते एका वाक्यात सांगा, एवढंच माझं मागणं होतं. पण कामाच्या नावाआधीचा 'अ' सगळे गिळून टाकत. महिनाभर घसा फोडला, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी नवऱ्याशेजारी बसलेली एक बाई उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वुई आर अ वर्कर." 'अ' आला, तर बाकीचं बिघडलं! माझं डोकंच फिरलं.

"अहो ताई, 'अ' म्हणजे एक! तुम्ही दोघं आहात ना? मग एक कसे?" मी चक्क ओरडले.

ती जराही बिचकली नाही. "एकच की मॅडम. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो."

"आणि तुम्ही एकट्याच असलात तर?"

"मंग मी अर्दा कोयता," ती म्हणाली. "अर्द्याला इंग्रजीत काय लावायचं?"