देवीच्या वाटेवर नेलेला जॅक

भाऊ गेला त्या दिवशी दारात बसलेल्या माणसांपैकी कुणीतरी म्हणालं, "देवीच्या वाटेवर गेला, पुण्यवान म्हणायचा." मी आतल्या खोलीत होते. ते शब्द ऐकले आणि बाहेर जाऊन त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा होता. मायनं भरून दिलेली ओटी घेऊन तो एकटाच सातपुड्यातल्या आमच्या कुलदेवीला निघाला होता. डोंगराच्या पायथ्याशी गोट्यांचा एक कोरडा नाला लागतो, त्यात जीपचं चाक फुटलं. गाडीसोबत मिळालेला छोटा जॅक त्यानं एका गोल गोट्यावर टेकवला, गाडी उचलली आणि काहीतरी बघायला तो खाली शिरला. गोटा सरकला. दीड तास त्या वाटेनं कुणी फिरकलं नाही. यात पुण्य कुठे होतं, ते मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

लोक दुःखाबद्दल बोलतात, पण मला दुःखाआधी राग आला आणि तो गेलाच नाही. भावावर राग, की इतकी वर्षं गाडी चालवून गोल दगडावर जॅक लावायचा नसतो एवढं त्याला कळू नये? मायवर राग, की ओटी तिथंच पोचली पाहिजे हा हट्ट कशाला? आणि सगळ्यात जास्त देवीवर. तिच्याच दारी चाललेल्या माणसासाठी तिला त्या दीड तासात एक गुराखीसुद्धा पाठवता आला नाही? मी नवऱ्यापासून फारकत घेऊन आधीच असोद्याला माहेरी आले होते. भावामागं केळीचा बाग आणि ती जीप, दोन्ही माझ्याकडे आलं. बागेतून घरी येताना रस्त्यात देऊळ लागलं की मी मान फिरवून घेत असे.

रागाला काहीतरी काम लागतं. मी जॅकच्या मागे लागले. जळगावात सुट्या भागांच्या एका दुकानात गेले, तर दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा ना, तुम्हाला नाही कळायचं." मी म्हटलं, "साहेब नाहीत. जे आहे ते काढून दाखवा." त्यानं बाटलीसारखा तेलाचा जॅक पुढे केला. मी विचारलं, चाक वाळूत रुतून गाडी टेकली तर हा खाली जाईल का? त्यानं तो परत फळीवर ठेवला. मग आतून त्यानं एक उंच जॅक आणला, कमरेच्याही वर येणारा, भोकं पाडलेल्या लोखंडी खांबाचा. पायाशी बसवायला रुंद पत्रा, आणि उचलणारी जीभ अगदी जमिनीलगतपासून वर चढणारी. जड होता, पण मला तोच हवा होता. घरी आणून महिनाभर मी त्याच्याशी झगडले. तो उंच जातो तसा कलंडतोही, आणि हात सैल पडला तर त्याचा दाबायचा दांडा उसळून जबडा फोडू शकतो, हे मी पडत-धडपडत शिकले. बाभळीची एक जाड फळी कापून घेतली, भुसभुशीत जमिनीवर जॅकखाली टाकायला. मोकळा राहिला तर खड्ड्यात उडून डोक्यात बसेल, म्हणून सीटमागे दोन पट्ट्यांनी आवळून ठेवायला लागले. माय ओट्यावरून बघत असायची.

तीन वर्षांनी तिनं मागणं काढलं. गुडघे गेलेले, डोळ्यांनी कमी दिसू लागलेलं. "मले एक डाव तिचं तोंड पाहू दे," ती म्हणाली, "मंग मी तुले काहीच मागणार नही. अन् त्याच गाडीनं ने." मी नाही म्हटलं. तिनं दोन दिवस पोटात अन्न घेतलं नाही. मग मी चिडून हो म्हटलं. मनात ठरवलं होतं, मायला गाभाऱ्यात नेऊन बसवायचं आणि मग देवीसमोर उभं राहून जे बोलायचं ते मोठ्यानं बोलायचं, पुजारी हाकलून देईल तर देऊ दे.

सकाळी निघालो. तापीचा पूल ओलांडला, यावलच्या बाजूला वळलो. मायच्या मांडीवर पूजेची पिशवी होती, तिळाच्या तेलाची बाटली, नारळ, हळदकुंकू. ती रस्ताभर पुटपुटत होती आणि मी दात आवळून गाडी चालवत होते. शेतं संपली, डांबर संपलं, आणि तो नाला आला. तिथं गाडी न थांबवता पार करायची असं मी ठरवून आले होते. पण नाल्याच्या मध्यावर एक पिकअप तिरकी होऊन बसलेली दिसली, आणि एक तरुण बाई गोट्यांवरून ठेचकाळत माझ्या दिशेनं धावत आली. "ताई, मना नवरा गाडीखाल शे! लवकर या!"

मी ब्रेक दाबला आणि खाली उडी मारली. ते धुळ्याकडचं कुटुंब होतं, नवराबायको आणि नवऱ्याचे वडील, आमच्याच देवीला निघालेले. मागचं चाक पंक्चर झालं, त्यानं छोटा जॅक लावून ते काढलं, आणि पिकअपच्या पोटाखाली टांगलेलं जादा चाक सोडवायला तो पाठीवर सरकत आत गेला. जॅक गोट्यावर होता. गाडी मागच्या बाजूनं बसली होती आणि लोखंडी चौकटीखाली त्याचा खांदा आणि छातीची एक बाजू अडकली होती. चौकट बाजूच्या दगडावर थोडी अडली, म्हणून श्वास चालू होता, बारीक, कण्हत. त्याचे वडील दोन्ही हातांनी गाडी उचलायला बघत होते.

मला दया यायला हवी होती, पण मी त्या पोरावर ओरडले. "कुणी सांगितलं होतं आत शिरायला? बघायला डोळे नव्हते?" मी ओरडत होते आणि माझे हात पट्ट्या सोडत होते. म्हाताऱ्यांनी विचारलं, "सांग पोरी, मी काय करू?" मी म्हटलं, "आबा, पुढच्या चाकांना दगड लावा. मग चपटे दगड आणा. गोल एकही नको." फळी मांडली, तिच्यावर जॅक उभा केला, जीभ मागच्या बंपरखाली घातली आणि दांडा दाबायला सुरुवात केली. एक खट्, दोन खट्, तीन. चौकट केसभर हलली. चौथ्या दाबाला जॅक अडकला.

चूक माझी होती. खांबाच्या भोकांत शिरून जीभ वर चढवणाऱ्या खिळ्यांना मी जाड ग्रीस चोपडून ठेवलं होतं आणि कच्च्या रस्त्याची सगळी धूळ त्यात बसून त्याचा गारा झाला होता. खिळा भोकात जाईना. मी दगडानं ठोकला, तरी जाईना. खाली तो कण्हायचा थांबला. तेव्हा मी वर डोंगराकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.  तेवढ्यात माझ्या खांद्याला काहीतरी लागलं. माय गाडीतून उतरून, त्या गोट्यांवरून रांगत म्हणावं तशी आली होती आणि तिनं तिळाच्या तेलाची बाटली पुढे केली होती.

"दिव्याचं हाये ते," मी म्हटलं.

"मंग काय झालं? वत."

मी ती सगळी बाटली खिळ्यांवर रिकामी केली. काळा गारा ओघळला. पुन्हा दगडानं एक ठोका मारला आणि खिळा आत गेला. त्यानंतर मी किती वेळा दांडा दाबला ते मला ठाऊक नाही. प्रत्येक खट् झाला की आबा चौकटीखाली एक चपटा दगड सरकवत. वीतभर जागा झाल्यावर मायनं आणि त्या बाईनं त्याला दंडाला आणि कंबरपट्ट्याला धरून ओढलं. तो बाहेर आला, खोकला, आणि बायकोचं नाव घेतलं.

त्याला जीपमध्ये मागं आडवं केलं. देवीचं ठाणं तिथून अर्ध्या तासावर होतं, दवाखाना उलट्या दिशेला. मी मायकडे बघितलं. तीन वर्षं तिनं या एका दिवसाची वाट पाहिली होती. ती म्हणाली, "माह्याकडे काय पाह्यतेस? फिरव गाडी. देवी काही पळून नही चालली." नारळ तसाच पिशवीत ठेवून तिनं त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं. मी गाडी फिरवली.

तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला जळगावला हलवलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्या गेल्या होत्या, पण जीव होता. संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात नळाखाली हात धुताना मला पहिल्यांदा रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं. माझ्या भावाला कुणी भेटलं नाही आणि याला मी भेटले, हे मला सहन होत नव्हतं. मी देवीला विचारलं, मलाच का नेलंस तिथं? उत्तर आलं नाही. पण किती वर्षांनी मी तिला काहीतरी विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत थांबले होते, हे मात्र खरं.

महिन्याभरानं त्या बाईचा फोन आला. हात वर जातो आता, म्हणाली. मग तिनं विचारलं, "ताई, तुमले याद शे का?" दांडा दाबताना दर वेळी मी ओरडत होते, ती सांगत होती. प्रत्येक दाबाला, "आई", "आई", तो बाहेर येईपर्यंत. तिला वाटलं मी माझ्या म्हाताऱ्या आईला हाक मारते आहे.

मला त्यातलं काही आठवत नाही. मी शिव्याच देत होते, अशीच माझी समजूत होती. फोन ठेवून मी ओट्यावर येऊन बसले. घरात माय शेंगा निवडत होती. जन्मदात्रीला मी आयुष्यात कधी आई म्हटलेलं नाही. आमच्या घरात आई म्हणतात ते एकीलाच, डोंगरावर बसलेलीला. माझं डोकं तिच्याशी भांडत होतं तेव्हा माझा गळा तिलाच बोलावत होता, आणि तिनं माझा राग मध्ये येऊ दिला नाही. भावाचा हिशोब मी तिला सोडलेला नाही, आणि तो सोड असं तीही म्हणत नाही. पण आता जे काही आहे ते, रागासकट, मी तिच्यापुढे ठेवते आणि उठून कामाला लागते. एवढं तिनं मला करू दिलं, त्यासाठी मी तिची ऋणी आहे.