मथुराबाईची डाळ

तुमच्या गावात कोणत्या पंपाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, सांगता येईल? नाही ना? मग शिकल्याचा तोरा जरा खुंटीला टांगा आणि मथुराबाईचं ऐका.

ती लग्नाचा स्वयंपाक करणारी. महाराष्ट्र-आंध्र सीमेवरच्या पन्नास गावांचं पाणी तिच्या गंज-पातेल्यात उकळलेलं. गावात हातपंप बसला तेव्हा तिनंच बायांना सांगितलं, "याचंच पानी न्या वं, डाळ लोन्यावानी होते!" विहीर सुटली. सात वर्षांत नात कुसुमच्या दातांवर पिवळे पट्टे आले, चालताना गुडघे एकमेकांना घासू लागले.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात, या भागातल्या पोरांचे दात-हाडं कशानं बिघडतात ते शोधायला तिघं आले. हैदराबादचे दगडवाले साहेब, नागपूरचे दातांचे डॉक्टर, आदिलाबादच्या कॉलेजातल्या रसायनाच्या मॅडम. मथुराबाई त्यांना जेवायला वाढत होती. पंप दोनशे, पाण्याच्या नमुन्यांसाठी बाटल्या तीसच. आधी कुठं जायचं यावर तिघांची जुंपलेली.

"साहेब, जिथं डाळ लवकर शिजते ना, तिथल्या पोरी लग्नात हासताना तोंडावर हात ठेवतेत."

डॉक्टर हसले. "मावशी, डाळीचा दातांशी काय संबंध?"

"ते तुमी सांगा! तुमी दात पायता, हे दगड पायतात, बाई पानी पायते. एकमेकाले इचारत काऊन नाई?"

मॅडमचा घास हातातच राहिला. चुना कमी, सोडा जास्त, अशा पाण्यात डाळ झटकन मऊ होते. आणि त्याच पाण्यात खडकातलं, दात पिवळे करणारं नि हाडं वाकवणारं फ्लोराइड जास्त उतरतं! साहेबांनी खरकट्या हातानंच नकाशा उलगडला. मथुराबाई गावं सांगत गेली, डॉक्टर खुणा करत गेले. एकोणीस गावं.

महिन्यानं तिघं परतले. एकोणीसपैकी सतरा गावांचं पाणी वाईट निघालं होतं, आणि सतराही गावं एकाच खडकाच्या पट्ट्यावर. पन्नास वर्षांचे साहेब अंगणातल्या चुलीपुढं वाकले, जसं देवळात वाकावं.

तिनं एवढंच विचारलं, "अन आमचा पंप?"

मॅडमनी नकाशावर तिच्या गावावर बोट ठेवलं. सगळ्यांत वाईट तोच होता.

सकाळी मथुराबाई पंपाच्या दांड्याला पाठ लावून बसली. "मीच चांगलं म्हनलं होतं. आता मीच म्हनतो, नेऊ नका. न्यायचं असंल तर मले उचला आधी!"

कोणी उचललं नाही. बाया पुन्हा विहिरीवर गेल्या. कुसुमचे गुडघे काही सुटले नाहीत. पण तिच्या पाठच्या बहिणीला दुसरे दात आले ते दुधासारखे पांढरे.

तिघांच्या संस्थांचा मिळून अहवाल छापून आला. त्यात मथुराबाईचं नाव नाही. म्हणून सांगतो, आज घरी गेल्यावर जो कोणी डाळ शिजवतो त्याला विचारा, पाणी कुठलं आणि डाळ किती वेळात शिजते. लवकर शिजत असेल, तर शेजारच्या पोरांना एकदा हसवून बघा.