करून न दाखवणारे सर

नाटकाला लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर राग धरून असलेला नाट्यदिग्दर्शक अख्ख्या सोलापुरात एकच, आणि दुर्दैवाने माझं पहिलं नाटक त्याच्याच हाती पडलं. नेपथ्य म्हणजे मंडपवाल्याचं काम, प्रकाशयोजना म्हणजे विजेचं बिल, आणि लेखक म्हणजे नटाच्या तोंडात आधीच घास कोंबून ठेवणारा आगाऊ इसम, ही सरांची मतं. उरला नट. त्याच्यावर मात्र अशी श्रद्धा, की नटाला शिंक आली तरी तालीम थांबे. "कुठून आली ती? पोटातून की नाकातून? शोध." तो बिचारा अर्धा तास शिंक शोधत बसे. सर पोस्टातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांची पत्रं न उघडता पोचवली, म्हणूनच बहुधा माझी संहिताही त्यांनी दोन महिने उघडली नाही.

तालमी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालत. पहिले तीन आठवडे रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायचं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे हा सराव प्रत्येकाला जन्मापासून असतो, हे मी सांगून पाहिलं. एका नटाची आई डबा द्यायला आली, तिनं सात जणांना ओळीनं हवा पिताना पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "अगं बया, ह्यास्नी पानी तरी द्या की! थांबा, मी आनते कळशीभर." सर खूश. "बघा, बाईंना तहान दिसली!" मात्र कुणी 'एकदा करून दाखवा' म्हटलं की ते हात मागे बांधत. "मी केलं की तुम्ही मला कराल. जगात एक मी पुरे आहे." हे शेवटचं सगळ्यांनाच मान्य होतं.

माझ्या नाटकात टॉवेल कारखान्याचा मालक एका कामगाराला कामावरून काढतो. आमचं घर कामगार चळवळीतलं, माझ्या बारशाच्या पेढ्यांबरोबरही पत्रकं वाटली गेली होती, त्यामुळे मालक कसा असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा मालक टेबलावर मूठ आपटत दीड पान गरजतो. ही भूमिका सलीमकडे आली. सलीम टेम्पो चालवायचा, टॉवेलचे गठ्ठे पोचवायचा. सर त्याला म्हणाले, "आठ दिवस खऱ्या मालकाला बघ." नवव्या दिवशी सलीम पडलेल्या चेहऱ्यानं आला.

"दादा, तो ओरडतच नै. चाय पाजतो. अम्मीची तब्येत विचारतो. तुमचं भाषण माझ्या तोंडातून निघंना."

"शोषण करणारा चहा पाजतो?" मी टेबलावर मूठ आपटली.

"मिळाला!" सर म्हणाले. "मूठ आपटणारा माणूस आपल्यातच होता."

भाषण कापलं तर नाटक काढून घेईन, असं मी बजावलं. प्रयोग यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत होता. तिथे सरांनी मालकालाच भला माणूस ठरवलं, तर मी घरी तोंड दाखवू शकलो नसतो. "काढा," सर शांतपणे म्हणाले, "पण एकदा बघून काढा."

प्रयोगात सलीमनं कामगाराला जवळ बसवलं. बशीत चहा ओतून दिला. पोरगी कितवीला आहे विचारलं. "हुशार हाय, शिकव तिला," म्हणाला, आणि त्याच मायेच्या आवाजात पुढे म्हणाला, "उद्यापासनं येऊ नको." पुढच्या ओळीतला एक म्हातारा कामगार शेजाऱ्याला म्हणाला, "आमचा बी असाच हाय की रं. म्हनून तर शिवी बी देता येईना." माझ्या दीड पानाला हे जमलं नसतं. नाटक मी काढून घेतलं नाही.

नंतर लोकांनी सलीमला गराडा घातला. "कुणी शिकवलं रं एवढं?" सलीमनं प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "कुणी नै. माझं मलाच सुचलं."

सर दोन पावलांवर सतरंजी गुंडाळत होते. अन्याय झाला की तिथल्या तिथे ओरडायचं, या शिस्तीनं मी पुढे सरकलो, तर त्यांनी माझी बाही धरली. "गप. हेच तर शिकवत होतो."

मग ते गर्दीकडे पाहत राहिले. कुणी वळून पाहिलं नाही. "आता त्याला तालमीला यायची गरज पडेल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी "नाही" म्हणालो. मला खरं बोलायची सवय आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच ती सवय मला आवडली नाही.